चादरीची चार टोकं

रविवारी लाँड्री बंद असायची, पण आठवडाभर पेटलेल्या बॉयलरची ऊब भिंतींतून निघून जायला रविवारची दुपार व्हायची. त्या उबेत दोरीघर अर्धवट झोपेत असल्यासारखं दिसायचं. दोरीघर म्हणजे मागचं लांबलचक दालन. आप्पांच्या काळी, वाळवायची यंत्रं येण्याआधी, हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी इथेच छताखालच्या दोऱ्यांवर वाळायच्या. आप्पा गेले, यंत्रं आली, दालन रिकामं झालं. दोऱ्या आणि त्यांच्या कप्प्या मात्र वरच राहिल्या. दोरी ओढली की कप्पी अजूनही तशीच कुरकुरायची आणि घरात कुणी फार कुरकुर करायला लागलं की त्यालाही ‘कप्पी’ म्हणायची रीत होती. सध्या तो मान दादांकडे होता.

धाकटी एकटीच तिथे चादर दोरीवर चढवत होती. लग्न होऊन या घरात आली त्याला आता केस पिकावेत इतकी वर्षं झाली होती, तरी घरादाराला ती धाकटीच होती. चादर फाटकी होती. कोपऱ्यात अशा फाटक्या चादरींची छातीएवढी रास होती. शटरच्या फटीतून ऊन आलं, चादरीच्या भोकांतून गळून जमिनीवर पडलं आणि फरशीवर उजेडाचे लहान-मोठे ठिपके हलू लागले. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. हल्ली तिचं असंच व्हायचं, हात कामात आणि जीव कुठल्या कुठे.

जीव कुठे असायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शहराबाहेरच्या सुधारगृहात, लांब ओसरीच्या टोकाला, जिथे तिचा बंड्या तिला भेटायला यायचा. मागच्या भेटीत ती निघताना तो एवढंच म्हणाला, “आई, मी आलो की संध्याकाळचं कुठे जायचं गं?” तिनं पटकन उत्तर दिलं, “दोरीघरात. आणखी कुठे?” आणि परत येताना बसमध्ये तिच्या लक्षात आलं, की जी जागा आपल्या हातात नाही तिचं वचन आपण लेकराला देऊन आलो आहोत.

ती जागा राहणार की जाणार, हे आज दुपारी ठरायचं होतं.

“धाकटे, टोपल्या मांड गं बसायला,” इस्त्रीच्या खोलीतून आक्काचा आवाज आला. “कप्पीची स्वारी निघालीय.”

आक्का म्हणजे आप्पांची मोठी लेक, धाकटीची थोरली नणंद. लग्न केलं नाही, इस्त्री सोडली नाही आणि कुणाला घाबरली नाही, अशी तिची तीन वाक्यांत ओळख ती स्वतःच करून द्यायची. धाकटीनं कपड्यांच्या वेताच्या मोठ्या टोपल्या पालथ्या घातल्या. दादा आले, त्यांच्या मागे त्यांची बायको, म्हणजे धाकटीची जाऊ, थोरली. सगळ्यात शेवटी धाकटीचा नवरा आला आणि दाराच्या चौकटीतच टेकून उभा राहिला. बॉयलरचं काम त्याच्याकडे होतं. त्या संध्याकाळनंतर त्यानं दोरीघरात पाऊल टाकलं नव्हतं.

ती संध्याकाळ. बंड्या आणि चिमण, एका ताटात जेवलेली पोरं, एका सायकलीवरून भांडली. सायकल कुणाची, हेही आता कुणाला धड आठवत नव्हतं. बंड्याच्या खिशात लाँड्रीतली गाठोड्यांच्या दोऱ्या कापायची सुरी होती, कामावरून तसाच निघाला होता म्हणून. चिमण वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ राहिली. त्यानंतर लाँड्रीत सुरी म्हणून राहिली नाही. गाठोडं कितीही घट्ट बांधलेलं असो, गाठ नखांनी सोडायची, वेळ लागला तर लागू दे, असा नियमच झाला.

आणि रस्ता दोन तुकडे झाला. वरच्या गल्लीतली पोरं चिमणची, खालच्या गल्लीतली बंड्याची. ज्यांना दोघांतलं कुणी नीट माहीतही नव्हतं तीसुद्धा खिशात काहीबाही घेऊन फिरू लागली. एकदा लाँड्रीच्या दारातच दोन्ही गल्ल्यांतला एकेक पोरगा एकमेकांना भिडला, तेव्हा आक्का इस्त्री ठेवून बाहेर आली, दोघांची मानगूट धरून आत आणली आणि वाळलेल्या चादरीची दोन-दोन टोकं एकेकाच्या हातात दिली. आप्पांचा जुना नियम होता तो: घरात जे भांडतील त्यांनी मिळून चादरींच्या घड्या घालायच्या, टोपली रिकामी होईपर्यंत. मोठी चादर एकट्याला घडी करता येत नाही. लांब उभं राहून ताणावी लागते, मग जवळ येऊन टोकं समोरच्याच्या हातात द्यावी लागतात, पुन्हा मागे जायचं, पुन्हा जवळ यायचं. शिव्या द्यायच्या म्हटल्या तरी त्या चालीत बसत नाहीत. ती दोघं दुसऱ्या दिवशी आपणहून आली. मग आणखी चार आली. मग कधीकाळी नाटकांना प्रकाश देणारे आणि आता बेकार असलेले एक मास्तर आले, त्यांनी चादरीमागे दिवा लावला, आणि पोरांना आपल्याच सावल्यांचं वेड लागलं.

आता नगरपालिकेनं अशा कामांसाठी निधी काढला होता. मास्तरांचा पगार, दिवे, पोरांचं खाणं. अटी दोनच होत्या. जागेच्या सगळ्या मालकांनी जागा पुढची पाच वर्षं याच कामासाठी द्यायची, आणि शेजारपाजारच्या कुणाची हरकत नसावी. हरकत सांगायला उद्या दुपारपर्यंत मुदत होती.

“हे बघा,” दादा टोपलीवर बसत म्हणाले, आणि टोपली त्यांच्याऐवजी कुरकुरली. “मी काही राक्षस नाही.”

थोरलीला एकदम खोकला आला.

“मला पोरं दिसतात. पण छतही दिसतं. पलीकडच्या कोपऱ्यात पाऊस आत येतो. बॉयलर आप्पांच्या लग्नातला असल्यासारखा खोकतो. बुटांच्या खोक्यांचा गोदामवाला दर महिन्याला भाडं द्यायला तयार आहे, छतही तोच करून देतोय. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आपली गत व्हायला नको.”

“निधी घोडं नाही, चारा घेऊन येतोय,” आक्का म्हणाली.

“चारा मास्तरांना. छप्पर कोण घालणार? मी!”

“खोकी ठेवलीस तर छप्पर कुणासाठी घालणार?” आक्कानं विचारलं. “बुटांना सर्दी होऊ नये म्हणून?”

दादांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. “तू बोल. अर्धी वाटणी तुझी आहे.”

धाकट्यानं चौकट सोडली नाही. “मला विचारू नका.”

“न विचारून कसं चालेल? आक्कानं आपला हिस्सा कधीच आपल्या दोघांना दिलाय. बोलायचं ते आपणच.”

“मग गोदामवाल्याला द्या,” तो एकदम म्हणाला. धाकटीनं मान वर केली. रात्री दोघांत याच्यावर बोलणं झालं नव्हतं, पण इतक्या सरळ तो आपल्याविरुद्ध जाईल असं तिला वाटलं नव्हतं. “लोक काय बोलतात ते मी बॉयलरपाशी बसून ऐकतो. पोरानं डाग लावला आणि आता आईबाप धूत बसलेत, म्हणतात. पुण्य कमवायची दुकानं मांडलीत, म्हणतात. मला नको ते.”

“म्हणू देत की,” आक्का म्हणाली. “आपण लाँड्रीवालेच आहोत. डाग धुणं हा आपला धंदा आहे, त्यात लाजायचं काय?”

कुणी हसलं नाही. धाकटीला म्हणायचं होतं, की मी डाग धुवायला नाही आले इथे. माझं पोर सुटून येईल तेव्हा त्याच्याकडे नुसतं बघणारी नाही, त्याच्या हातात चादरीचं टोक देणारी माणसं हवीत मला, एवढंच. कोपऱ्यावर उभं राहिलं तर कोपऱ्यावरचीच माणसं भेटतात. पण यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही. ती फक्त नवऱ्याकडे बघून म्हणाली, “मी बंड्याला सांगून आलेय.”

“काय सांगून आलीस?”

“संध्याकाळी इथे यायचं म्हणून.”

चौकटीवर टेकलेली नवऱ्याची पाठ हळूहळू सरळ झाली, पण तो आत आला नाही.

तेवढ्यात मागचं दार ढकलून पोरं आत शिरली. रविवारची तालीम जरा लवकर ठेवली होती आणि बैठक अजून चालू आहे हे त्यांना सांगायचं सगळेच विसरले होते. पुढे मास्तर, हातात दिवा, मागे आठ-दहा जण. त्यातला खालच्या गल्लीतला एक बुटका पोरगा सगळ्यांवरून नजर फिरवून आनंदानं ओरडला, “आल्या! राक्षसीणकाकू आधीच आल्यात!”

तो थोरलीकडे बघत होता.

दादांनीही थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.

“पोरं कुणाला म्हणतायत राक्षसीण?” दादांनी विचारलं.

“आवाज हो नुसता,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “सावली दुसऱ्याची. आवाज वहिनींचा. असा आवाज शोधून मिळायचा नाही, दादा. परवा एक पोरगं खरंच रडलं.”

“तू तर गुडघ्याच्या व्यायामाला जातेस ना? मंगळवारी आणि शुक्रवारी?”

“गुडघा बरा आहे आता,” थोरली म्हणाली.

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर कुरकुरला असतात.” आणि मग, आयुष्यभर नवऱ्याच्या होला हो करणारी ही बाई उठून उभी राहिली. “हे बघा, गोष्टीत राक्षसीण शेवटी नदी ओलांडते की नाही ते अजून ठरायचंय. पोरं रोज भांडतायत त्याच्यावर. तोंडानं भांडतायत, हातानं नाही. ते ठरेपर्यंत बुटांची खोकी इथे येणार नाहीत. आली तर मी त्यांच्यावर बसून बोलेन, पण बोलेन.”

धाकटीला वाटलं आपण स्वप्नातच आहोत. इतकी वर्षं एका घरात दोघी जावा, दुधातल्या साखरेसारख्या वगैरे काही नव्हत्या, एकमेकींना चालवून घेत होत्या इतकंच. आज थोरली तिच्याकडे न बघताच तिच्या बाजूला येऊन बसली होती आणि तिच्या अंगाला साबणाचा आणि आल्याच्या गोळ्यांचा वास येत होता. घसा मोकळा राहावा म्हणून ती त्या गोळ्या चघळत असणार. एवढे दिवस घरात आल्याच्या गोळ्यांचा वास होता आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

“पाहू तरी,” दादा अखेर म्हणाले. “माझी बायको किती भीती घालते ते.”

मास्तरांनी शटरं लावली. दोरीघर निळसर काळोखात बुडालं. मग चादरीमागे दिवा लागला आणि फाटकी चादर उजळली. तिच्या भोकांतून उजेडाचे किरण बाहेर पडले, भिंतींवर, छतावर, दादांच्या टकलावर ठिपके पडले. पोरांनी या भोकांनाच गोष्टीतल्या चांदण्या केलं होतं. कुणीतरी दोरी हलवली आणि सगळं आभाळ संथपणे डुलू लागलं. डोंगर आले, ते दोघांचे गुडघे होते. नदी आली, ती ओढणी होती. मग पलीकडून थोरलीचा आवाज आला, खोल, ओला, विहिरीतून यावा तसा, “कोण माझ्या पाण्याला हात लावतंय?” आणि दादा टोपलीवर सावरून बसले.

मग करकोचा आला. लांब मानेचा, ताठ चोचीचा. तो चादरीच्या कडेनं हळूच आत सरकला, थबकला, मान वाकवून त्यानं नदीत चोच बुडवली आणि वर उचलली. इतर सावल्या हातांसारख्या दिसत होत्या, पण करकोचा करकोचाच होता. त्याची चोच जराही थरथरत नव्हती. दोन बोटं जुळवून इतकी सरळ, इतका वेळ कुणाला धरता येणार नाहीत.

ज्याला ती वाकवताच येत नाहीत त्यालाच येतात. धाकटीला ते ठाऊक होतं, आक्काला, आणि आता थोरलीलाही असणार. चिमण महिनाभर मागच्या दारानं येत होता, घरी न सांगता. पहिल्या दिवशी तो धाकटीसमोर उभा राहिला तेव्हा तिची नजर आधी त्याच्या उजव्या हाताकडे गेली होती. तो फक्त म्हणाला होता, “काकू, आईला सांगू नका.” आणि तिनं सांगितलं नव्हतं. ते बरं केलं की वाईट, हे तिला अजून कळत नव्हतं. उद्या कुणी हरकत घेणार असेल, तर ती एकच बाई घेणार हे सगळ्या घराला माहीत होतं, म्हणून तर कुणी तिचं नाव काढत नव्हतं.

“हा माझा चिमण आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

रफूवाली दारात उभी होती. चिमणची आई. एके काळी दर आठवड्याला ती याच दारानं यायची, फाटक्या चादरी न्यायची आणि रफू करून आणायची, अशा की फाटलं कुठे होतं ते बोटांनाही सापडू नये. धाकटी आणि ती इथेच टोपल्या पालथ्या घालून चहा प्यायच्या. त्या संध्याकाळनंतर ती या रस्त्याच्या या बाजूनं चाललीसुद्धा नव्हती.

करकोचा चादरीवर थिजला. मग नाहीसा झाला. पलीकडून बारीक आवाज आला, “आई, दिवा विझवू?”

“राहू दे,” ती म्हणाली. “लागलाय तर राहू दे.”

ती दोन पावलं आत आली. उजेडाचे ठिपके तिच्या अंगावरून सरकत गेले. “रोज संध्याकाळी कुठे जातो विचारलं तर सांगत नव्हता. मला वाटलं, याच्याही खिशात काहीतरी आहे. उट्टं काढायला निघालाय माझा पोरगा, असं वाटलं मला. म्हणून मागे आले.” तिनं धाकटीकडे पहिल्यांदाच पाहिलं. “आणि तुला हे ठाऊक होतं.”

“हो,” धाकटी म्हणाली.

“महिनाभर माझ्या जिवाला घोर, आणि तुला ठाऊक होतं.”

“त्यानं सांगू नको म्हटलं. माझं चुकलं असेल. मी तुझ्या दाराशी दोनदा आले होते. कडी वाजवायचा धीर झाला नाही.”

“तुझा कधी सुटतोय?”

“थंडी सरली की.”

“आणि मग तो इथे येणार. या दालनात. माझ्या पोराच्या शेजारी उभा राहणार.”

धाकटीनं खोटं बोलायचा विचार केला, क्षणभरच. “तू हो म्हणालीस तर,” ती म्हणाली. “नाही म्हणालीस तर मी त्याला दुसरं काहीतरी सांगेन. तुला दोष देणार नाही. देवाशपथ देणार नाही.” तिला रडू येत होतं आणि या बाईसमोर आपण रडायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. रडायचा हक्क आधी तिचा होता.

“माफी मागू नकोस,” रफूवाली म्हणाली. “घरी ती ठेवायला जागा नाही.”

आक्कानं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. आप्पांचा नियम सगळ्यांच्या मनात आला असणार, पण तो या दोघींना सांगायची छाती त्या दालनात कुणाची नव्हती.

रफूवालीचं लक्ष चादरीवर गेलं. ती जवळ गेली, एका भोकाच्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “ही किती दिवस अशी आहे? धागे सुटत चाललेत.” मग तिला कोपऱ्यातली रास दिसली. “आणि त्या? सगळ्या?”

“तू यायची थांबलीस तेव्हापासूनच्या,” आक्का म्हणाली.

“गावात दुसरी रफूवाली मिळाली नाही?”

उत्तर दादांनी दिलं, छताकडे बघत, चिडल्यासारखं. “शोधली नाही.”

“मग हॉटेलवाल्यांना काय देत होतात?”

“नव्या,” दादा म्हणाले.

आक्का भावाकडे बघतच राहिली. नव्या चादरींवरून सगळ्यात जास्त कुरकुर दादांचीच असायची, पण त्या आणायचं मात्र त्यांनी कधी थांबवलं नव्हतं. चौकटीतला धाकटाही भावाकडे बघत होता. मग तो चौकट सोडून आत आला, सरळ राशीपाशी गेला, दोन्ही कवेत मावतील तेवढ्या चादरी त्यानं उचलल्या, एका टोपलीत भरल्या आणि ती टोपली दालनाच्या मधोमध ठेवली, दोघी बायकांच्या मध्ये. वर बघायचा त्याला धीर झाला नाही. “माझी सही घ्या,” तो टोपलीलाच म्हणाला आणि बाजूला जाऊन आक्काजवळ उभा राहिला. “आणि माझीही,” दादा कुरकुरले.

दिव्याचा उजेड चादरीवर हलत होता. मागे पोरांचे श्वास ऐकू येत होते, आल्याची गोळी दाताखाली फुटल्याचा कडकन आवाज आला आणि थोरलीनं स्वतःलाच दटावल्यासारखं शू केलं.

रफूवालीनं वाकून वरची चादर उचलली. झटकली. दोन टोकं आपल्या हातात ठेवली आणि दोन पुढे केली, कुणाकडे ते न बघता.

धाकटीनं ती धरली.

दोघी मागे सरकल्या. चादर ताणली गेली, भोकांतून पलीकडचा दिवा चमकला. रफूवालीची मनगटं बारीक झाली होती, हे धाकटीला आता दिसलं. दोघींनी टोकं जुळवली आणि एकमेकींकडे चालत आल्या. हात हातांना लागले. त्या हातांना अजून मेणाचा वास होता, धाग्याला लावायच्या. धाकटीनं टोकं तिच्या बोटांत दिली, खाली वाकून लोंबती घडी उचलली आणि पुन्हा मागे गेली. पुन्हा जवळ आली. दोघींची पावलं चुकत नव्हती. किती वर्षं दोघींनी इथेच हे केलं होतं, तोंडानं बडबड करत, हाताकडे न बघता. आता दोघी फक्त हाताकडेच बघत होत्या.

“ही रास संपायला किती दिवस लागतील?” रफूवालीनं विचारलं.

“बरेच,” धाकटी म्हणाली.

“मग उद्या मला नगरपालिकेत जायला वेळ व्हायचा नाही.” तिनं पाठीमागे न वळता आवाज चढवला, “चिमण, सहाच्या आत घरी. आणि जाताना पुढच्या दारानं जायचं.”

“हो,” चादरीमागून आवाज आला. जरा वेळानं करकोच्यानं चादरीच्या कडेवरून हळूच चोच बाहेर काढली आणि बघितलं.

शेवटची घडी जुळली. धाकटीनं टोकं पुढे केली. रफूवालीनं घडीकडे पाहिलं, जसं ती कुठल्याही चादरीकडे बघायची तसंच, डोळे बारीक करून. एका बाजूनं बोटभर कापड बाहेर डोकावत होतं. टोपलीत तशीच ठेवली असती तरी कुणाच्या लक्षात आली नसती.

“टोकं जुळली नाहीत,” ती म्हणाली आणि एका झटक्यात तिनं सगळी चादर उलगडून टाकली. “धर. पुन्हा.”